दिग्गीतला क्ष

गुंद, ६ एप्रिल २०२४

चि. नेत्रा,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात लिहून जागा अडवणार नाही.

तू फोनवर पाठवलेली पानं मी वाचली नव्हती. गुंदमध्ये फोन लागतो तो देवळामागच्या चढावर, आणि गणित ही उभ्यानं वाचायची गोष्ट नाही. शेवटी तुझ्या भावानं, गुरुदासनं, ती रामनगरात छापून घेतली आणि नागूच्या जीपमधून पाठवली. काल वाचून संपवली. यापुढं छापूनच पाठव. मी उत्तर पत्रानं देईन, तूही पत्रानं दे. फोनवर तू "हो आत्ये, हो आत्ये" म्हणतेस आणि दुसरीकडे टाइप करत असतेस, ते ऐकू येतं.

तुमची पुण्याची कंपनी अक्षरांचं गणित करणारं सॉफ्टवेअर बनवते आहे, त्याचं मराठी शिक्षकांसाठीचं पुस्तक तू लिहिते आहेस, आणि मी जन्मभर रामनगरच्या शाळेत बीजगणित शिकवलं म्हणून ते मला तपासायला दिलं आहेस. ठीक. पहिलं प्रकरण नापास. "एक्स्प्रेशन इव्हॅल्युएट होते" असं तू लिहिलं आहेस. आपल्याकडे त्याला बैजिक राशी म्हणतात आणि राशीची किंमत काढतात. हे सातवीतल्या मुलाला येतं, ते वापर.

दुसरं. २अ + ३अ दिलं की यंत्र ५अ सांगतं, असं तू म्हणतेस. माझ्या कॅल्क्युलेटरवर अ ला बटणच नाही. ज्याची किंमत ठाऊक नाही त्याचं तुझं यंत्र करतं काय, ते स्पष्ट लिही. तुझ्या प्रकरणात ते कुठंच नाही, आणि शिक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार.

घरचं. तुझ्या बाबांचं वर्षश्राद्ध झालं. तुझी आई पार्वती दिग्गीत एकटी आहे, सोबत दोन गायी. पाऊस लागला की दिग्गीची वाट चिखलात जाते आणि आजारी माणसाला बाहेर काढता येत नाही. पार्वतीनं कुठं राहायचं ते मे संपायच्या आत ठरायला हवं. ते ठरलं नाही तर भाताचा तरवा टाकायचा की शेत पडीक ठेवायचं, तेही ठरत नाही. गुरुदास तिला रामनगरला न्यायला तयार आहे. तुम्ही दोघांनी ठरवावं. मी यात पडणार नाही.

तुळजा


पुणे, १७ एप्रिल २०२४

आत्ये,

नमस्कार मीही लिहीत नाही, पण तो आहे.

शब्द बदलले. आता तुझा प्रश्न.

२ × (अ + ३) ही राशी यंत्र ओळीसारखी वाचत नाही. ते तिचं झाड करतं. वर गुणाकार. त्याच्या एका फांदीवर २, दुसरीवर बेरीज. बेरजेच्या खाली अ आणि ३. किंमत काढ म्हटलं की विचारणा वरून खाली जाते आणि उत्तरं खालून वर येतात. गुणाकार आपल्या फांद्यांना विचारतो, तुमची किंमत काय? २ सांगतो, २. बेरीज म्हणते, थांब, मी माझ्या खालच्यांना विचारते. ३ सांगतो, ३. अ ला कुणी किंमत दिली असेल तर तो ती सांगतो. दिली नसेल तर अ सांगतो, अ. ही चूक धरली जात नाही. बेरीज वर कळवते, अ + ३, याच्या पुढं माझ्याच्यानं होत नाही. गुणाकार तेवढंच घेऊन आपलं काम करतो. म्हणजे ठाऊक नसलेल्याला ते टाकतही नाही आणि त्याच्या जागी मनानं काही घालतही नाही.

आणखी एक. अ ला ब दिला असेल आणि ब ला ५, तर अ चं आधी ब होतं. यंत्र तिथं थांबत नाही, पुन्हा विचारतं, ५ येतात. पुन्हा विचारतं, ५ च. उत्तर बदलेनासं झालं की मगच ते थांबतं.

आईशी बोलले. ती टेकडीवर येऊन फोन करते, धाप लागलेली असते. मी विचारलं तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." आवाज बरा होता. मला वाटतं तिला रामनगर चालेल. तरी गुरुदासअण्णाला मी सांगितलंय की आईच्या मनात असेल तेच करायचं.

नेत्रा


गुंद, २८ एप्रिल २०२४

चि. नेत्रा,

अक्षर वाईट आहे कारण पेन वाईट आहे.

झाडाचं प्रकरण पास. त्यातलं "मनानं काही घालत नाही" हे वाक्य मात्र खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचा पुरावा तुझ्याच चौथ्या पानावर आहे. तिथं क्ष भागिले क्ष लिहिलं की यंत्र तत्काळ १ सांगतं. क्ष कोण आहे हे त्याला कुणी सांगितलं? उद्या क्ष शून्य निघाला तर? वरचा क्ष खालच्या क्ष नं काटला, क्ष ला विचारलंच नाही. माझ्या वर्गात असं काटणारा तास संपेपर्यंत उभा राहिला असता. याचं उत्तर दे.

आणखी एक. अ म्हणजे ब, आणि ब म्हणजे अ, असं एखाद्या व्रात्य मुलानं यंत्राला सांगितलं तर? पुस्तकात याबद्दल अक्षर नाही.

गुरुदास परवा येऊन गेला. त्यानं मागची खोली रंगवली आहे. लक्ष्मीनं सासूसाठी पलंग आणला. रामनगरच्या येसूला गायींचा शब्द दिला आहे. मे संपताना तो त्या घेऊन जाणार. मी विचारलं, पार्वतीला विचारलंस का? तर म्हणाला, "आत्ये, आई येते म्हणालीय की." कधी म्हणाली? तर बाबांच्या दहाव्याच्या दिवशी. त्या दिवशी तिला कुणी काशीला चल म्हटलं असतं तरी ती हो म्हणाली असती. मी पुन्हा विचारलं, आता काय ठरलंय तुमचं? तो म्हणाला, नेत्रा म्हणेल तसं.

मुलगा वाईट नाही. पलंग चांगला आहे म्हणतात.

तुळजा


पुणे, ७ मे २०२४

आत्ये,

पेन वाईट नाही. अण्णानं सांगितलं, तू विहिरीपाशी घसरलीस आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. डाव्या हातानं इतका राग लिहिता येतो हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाक कोण करतं?

क्ष च्या बाबतीत तुझं बरोबर आहे. असं काटलं नाही तर कुठलीच मोठी राशी लहान होत नाही, म्हणून अशी बहुतेक यंत्रं काटतात आणि क्ष शून्य नसेल असं धरून चालतात. काटल्यावर क्ष ला शून्य दिला तरी उत्तर १ च राहतं, कारण तोवर राशीत क्ष उरलेलाच नसतो. पुस्तकात चौकट घालून लिहिते.

अण्णानं जे केलं तेही आमच्याकडे आहे. यंत्राला एखादी गोष्ट दोन प्रकारे सांगता येते. एक, आत्ता किंमत काढ आणि तीच धरून ठेव. चौरसाची बाजू ४ असताना क्षेत्रफळ असं सांगितलं की १६ कोरले जातात. पुढं बाजू ५ झाली तरी क्षेत्रफळ १६ च. दोन, किंमत काढू नकोस, नुसती रीत लक्षात ठेव, आणि मी विचारेन तेव्हा त्या वेळची बाजू घेऊन काढ. नवीन शिकणारे नेहमी पहिला प्रकार वापरतात आणि मग यंत्र चुकलं म्हणतात. अण्णानं दहाव्याच्या दिवसाची किंमत कोरून ठेवलीय.

अ म्हणजे ब आणि ब म्हणजे अ. यंत्र अ ला विचारतं, तो ब कडे पाठवतो. ब अ कडे पाठवतो. आत प्रत्येक जण आपलं काम चोख करतो, उत्तर मात्र कुणाकडे नसतं. आम्ही फेऱ्यांना मर्यादा घातलीय, तिथं यंत्र हात टेकतं आणि तसं कळवतं. ते स्वतः यातून सुटू शकत नाही. बाहेरच्या माणसानं कुणातरी एकाची व्याख्या पुसायची. मग तो निदान स्वतःपुरता तरी उरतो आणि त्याला खरी किंमत देता येते.

आईला तुझ्या हाताचं सांगितलं. मी पावसाळ्याचं बोलत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. मध्येच तिनं विचारलं, अक्कांचा तांदूळ कोण निवडतंय. मग रेंज गेली.

नेत्रा


गुंद, १६ मे २०२४

चि. नेत्रा,

स्वयंपाक मी करते. शेजारच्या लाडूची बायको भाकरी थापून देते, ती जाड असते.

फेऱ्यांचं प्रकरण उत्तम. इतकं उत्तम की मी ते आपल्या घरावर लावून पाहिलं. गुरुदासला विचारलं, तो म्हणाला नेत्रा म्हणेल तसं. तुला विचारलं, तू लिहितेस आईच्या मनात असेल तसं. देवळामागच्या चढावर जाऊन पार्वतीच्या फोनची वाट पाहिली, तो आला, तिला विचारलं. ती म्हणाली, "अक्का म्हणतील तसं." आणि माझं म्हणणं मी पहिल्याच पत्रात तुला लिहून दिलं होतं की मुलांनी ठरवावं.

चौघंही आपापलं काम चोख करतो आहोत. सगळे चांगले लोक. दुसऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून प्रत्येकानं आपल्या मनाच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलं आहे, आणि मे संपला की येसू येऊन गायी सोडून नेणार आहे.

बाहेरचं माणूस इथं कुणी नाही. नागूला सांगितलं आहे, रविवारी जीप दिग्गीला ने. हाताला झोळी आहे, खड्ड्यांचं मी बघून घेईन.

तुळजा


गुंद, २१ मे २०२४

चि. नेत्रा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण मला एक प्रश्न आहे.

दिग्गीला गेले. जीप ओढ्यापर्यंत गेली, पुढं चालले. पार्वतीनं मला बघितल्याबरोबर आधी हात बघितला, मग प्लास्टरवर ठोकून पाहिलं, जणू फणस पिकलाय का बघते. जेवण झालं. मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, पावसात कुठं राहणार एवढंच सांगायचं. उत्तरात दुसऱ्या कुणाचं नाव येता कामा नये. मुलांचं नाही, माझं नाही, महाबळेश्वर देवाचंही नाही. ती म्हणाली, हा कसला नियम? मी म्हटलं, नेत्राच्या यंत्राचा. यंत्राचा म्हटल्यावर तिनं वाद घातला नाही.

उठली, भांडी घासली. गायींना पाणी दाखवलं. परत येऊन बसली आणि पदराचं टोक पिळत राहिली. 

"रामनगरात सून हातातलं सगळं काम काढून घेती," ती म्हणाली. "चांगली हाय म्हणूनच घेती. पलंगावर बसून मी काय करू? आनि हितं बोलाय कोण न्हाई. गायीशी किती बोलायचं मानसानं?"

मी म्हटलं, मग कुठं?

"तुमच्याकडं."

कुणाचं नाव येता कामा नये अशी अट होती. पहिल्याच उत्तरात माझं आलं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं नाव कुठं घेतलं? घराचं घेतलं. तुमच्या घरात काम पडून हाय."

यावर मी विचार केला. तिचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मला काय वाटतं यावर तिचं उत्तर अवलंबून नव्हतं. गुंदला एक घर आहे, आणि तिला तिथं राहायचं आहे. ही किंमत झाली, फेरी नाही.

मी विचारलं, आधी का बोलली नाहीस? तर माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच बिगरीत आहे. "नणंदेच्या दारात भावजय ऱ्हायाला गेलेली बघितली हाय का अक्का, कुठं? बारशाला जायाचं, एक रात ऱ्हायाचं, हळदीकुंकू घेऊन परत यायाचं. ऱ्हावा म्हनून तुम्ही म्हनायचं असतंय. मी कसं म्हनू?"

खरं आहे. माहेर नणंदेचं असतं, भावजयीचं नसतं. जन्मभर मी तिच्या घरी माहेरपणाला गेले, तिनं मला पानावर वाढलं, आणि उलट दिशेनं असं काही होत असेल हे माझ्या मनात आलं नाही.

मी तिला म्हटलं, बघते. आणि जीपकडे चालू लागले. ती ओढ्यापर्यंत सोडायला आली. 

आता माझा प्रश्न. मी एकटी राहते हे माझ्यावर कुणी लादलेलं नाही. मी ठरवून राहते. सकाळी चहा होईपर्यंत मला कुणाशी बोलावं लागत नाही, संध्याकाळी रेडिओ मला हवा तेव्हा बंद होतो. पार्वती कामाची आहे, स्वच्छ आहे, आणि चहाच्या आधी बोलते. एखाद्या राशीची किंमत काढू नकोस, आहे तशीच ठेव, असं तुझ्या यंत्राला सांगता येतं का?

तुळजा


पुणे, २८ मे २०२४

आत्ये,

पत्र आज मिळालं. उत्तर कुरियरनं पाठवते आहे, रामनगरपर्यंत येईल, पुढं नागू.

येतं सांगता. त्याला आम्ही राशी राखणं म्हणतो. राखलेल्या राशीला यंत्र हात लावत नाही. खाली विचारणा जात नाही, वर उत्तर येत नाही. ती बिघडतही नाही, आहे तशी राहते, महिनाभर म्हणालीस तरी महिनाभर. फक्त तिच्यावर अवलंबून असलेलं वरचं सगळं झाड तिच्यापाशी येऊन थांबतं. आणि ती आपणहून सुटत नाही. ज्यानं राखली त्यानं सोडावी लागते.

अण्णाला मी सांगितलं. तो चिडला. म्हणाला, लोक म्हणतील धडधाकट मुलगा असताना आई आत्येच्या दारात. मग त्यानं फोन ठेवला आणि अजून उचलत नाही. लक्ष्मीवहिनी उचलते आणि कुजबुजत बोलते.

आईची माणसं म्हणजे रामनगरची, असं आम्ही धरून चाललो होतो. दोघांनीही तिला विचारलं ते दिग्गी की रामनगर असंच. तिसरी फांदी आम्ही काढलीच नव्हती, आणि ती बिचारी दिलेल्या दोन फांद्यांत उत्तर शोधत होती.

तू नाही म्हणालीस तर तुला कुणी काही बोलणार नाही. आई तर नाहीच. ती रामनगरला जाईल, पलंगावर बसेल, आणि मी फोन केला की सगळं छान आहे म्हणेल. तिचा आवाजही बरा असेल.

येसू शुक्रवारी गायी न्यायला जाणार आहे, असं वहिनी म्हणाली.

नेत्रा


गुंद, २२ जून २०२४

चि. नेत्रा,

पत्राला उशीर झाला. घरात बसायला जागा नव्हती.

तुझं कुरियर नागूनं गुरुवारी आणून दिलं. मी त्याला परत जाऊ दिलं नाही. त्याच जीपनं आधी रामनगरला गेले. गुरुदास आपल्या दुकानात होता, मान वर करेना. मी गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगितलं, "गुरुदास, माझा हात मोडलाय. तुझी आई मला पाहिजे. देतोस का?"  गिऱ्हाइकातला एक जण म्हणाला, द्या की हो, मास्तरीणबाई मागतायत. मुलानं आई आत्येकडे ठेवली आणि आत्येनं आई मागून नेली, यात लोकांच्या दृष्टीनं फार फरक असतो. किंमत तीच येते, पण लिहायची रीत वेगळी. गुरुदासनं तिथूनच येसूला फोन लावून गायी मिळणार नाहीत म्हणून सांगितलं. लक्ष्मी आत जाऊन रडली आणि बाहेर येऊन पलंग जीपवर चढवायला लागली. नको म्हटलं, ऐकलं नाही.

तिथून दिग्गी. पार्वती दारात होती. मी म्हटलं, चल. तिनं विचारलं, किती दिस? मी म्हटलं, उत्तर बदलेनासं होईपर्यंत. तिला ते कळलं नाही. गाठोडं मात्र बांधून तयार होतं, आणि त्याची गाठ त्या दिवशीची दिसत नव्हती. दिग्गीचा तरवा तिच्या शेजारच्या झिलूच्या घरानं अर्ध्या वाट्यानं टाकला. त्यानंच गायी चालवत गुंदला आणल्या.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचलं. पास. एक दुरुस्ती. ठाऊक नसलेल्याची किंमत कुणीतरी बाहेरून द्यावी लागते, असं तू लिहिलं आहेस. ते यंत्राला लागू आहे. माणसाच्या बाबतीत ती बहुधा आत असते, बाहेरच्यानं फक्त आपली नावं तिच्यावरून काढून घ्यायची. हे छापू नकोस, शिक्षकांना गोंधळात टाकेल.

इथली हकीकत. ती चहाच्या आधी बोलते. मी उत्तर देत नाही, ती थांबत नाही. माझं भाताचं पिंप तिनं उंदरांचं कारण सांगून माजघरात आणलं. पलंगावर बियाणांची पोती आहेत, कारण जमिनीला ओल येते. लाडूच्या बायकोला भाकरी थापायला येऊ नको म्हणून तिनं कळवलं, तेही मला नंतर समजलं. प्लास्टर निघालं. काल तिनं मला तांदूळ निवडायला बसवलं आणि मी निवडलेला परत निवडला.

आत्ता ती समोर बसली आहे आणि सांगते तसंच लिही म्हणते. लिहिते.

"नेत्राला म्हनावं, चवथीला ये. सुट्टी न्हाई असलं काय सांगू नको. येताना गायींना दावी आन, चांगली बघून. हितली दावी अक्का बांधतात, मग गाय लाडूच्या वाफ्यात असती. आनि अक्कांचा हात अजून दुखतोय, रात्री कन्हतात, त्या तुला सांगनार न्हाईत."

शेवटचं वाक्य लिहिणार नाही असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, लिवा.

लिहिलं आहे.

तुळजा